‘सर पीडीएफ’ म्हणणारं पोरगं उद्धट नसतं

परभणी जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेतल्या मॅडमनी विचारलंय: नववीच्या वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. मुलं नमस्कार-चमत्कार न करता थेट ‘सर पीडीएफ’, ‘मॅडम उत्तर टाका’ असं लिहितात. रात्री अकरा-बारापर्यंत एकमेकांची टर उडवणं चालतं. मध्यंतरी एका स्टेटसवरून दोन समाजांच्या मुलांमध्ये वाजलं. मुख्याध्यापक म्हणतात, ग्रुपच बंद करा. मुलांना ऑनलाइन बोलण्याची रीत शिकवायची तर सुरुवात कुठून करायची?

मॅडम, मी बीड जिल्ह्यात आठवी ते दहावीला मराठी शिकवतो. २०२० च्या टाळेबंदीत ‘शाळा बंद, शिक्षण सुरू’ म्हणत आपण सगळ्यांनीच घाईघाईनं ग्रुप काढले. शाळा उघडल्या, ग्रुप मात्र राहिले. तुमच्या प्रश्नात तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, त्या आधी वेगळ्या करू. ‘सर पीडीएफ’ हा नवखेपणा आहे. रात्रीची टर ही खोडी, आणि तीच रोज एकाच पोराची होत असेल तर छळ. जातीवरून वाजणं हे तिसरंच प्रकरण, ते पोरांनी घरातून आणि गावातून उचललेलं असतं. तिन्हींवर एकच नियमावली लावली तर पोरं ती पाठ करतील, विचारलं की घडाघडा म्हणतील आणि संध्याकाळी जे करायचं तेच करतील. माझं म्हणणं एवढंच, की नमस्कार लिहायचा राहून गेला तर जाऊ द्या, पण कुणाचा पाणउतारा होऊ देऊ नका. शाळांमध्ये नेमकं उलटं चालतं. ‘कृपया’ लिहिलं नाही म्हणून पोराला उभं करतात, आणि एखाद्या पोरीच्या फोटोचं स्टिकर वर्गभर फिरतं त्याचा कुणाला पत्ता नसतो.

आधी ‘सर पीडीएफ’ घेऊ. आपल्याकडचं लेकरू स्टाफरूमच्या दारात येतं. चप्पल बाहेर काढतं, उंबऱ्यापाशी थांबतं, आपण मान वर करेपर्यंत बोलत नाही, आणि मग बारीक आवाजात म्हणतं, “सर, वही.” दोनच शब्द. ते आपल्याला कधी उद्धट वाटत नाहीत, कारण आदर सगळा त्याच्या उभं राहण्यात असतो. तेच लेकरू मोबाईलवर ‘सर वही’ लिहितं तेव्हा दार, उंबरा, खाली घातलेली मान यातलं काहीच पलीकडं पोचत नाही. पोचतात ते दोन शब्द. मी हे वर्गात करून दाखवतो. एका पोराला दाराबाहेर पाठवतो आणि वही मागायला लावतो. मग तेच दोन शब्द फळ्यावर लिहितो आणि विचारतो, आता यात तो कुठं उभा आहे ते दिसतंय का? पोरं हसतात, पण त्यांना कळतं. अंगानं जे सांगितलं जातं ते लिहिताना शब्दांत घालावं लागतं, एवढं पटलं की पुढचं सोपं जातं.

‘कृपया’ शिकवू नका, असा माझा सल्ला आहे. आपल्या भागात ते घरात कुणी बोलत नाही. पोरांनी ते एसटी स्टँडच्या पाट्यांवर वाचलेलं असतं. त्यापेक्षा ‘पाठवता का’, ‘द्याल का’, ‘जमलं तर’, ‘चालेल का’ हे त्यांच्या तोंडात आधीच आहे, तेच लिहायला लावा. तांड्यावरचं लेकरू घरी गोरमाटी बोलतं, कुणाच्या घरी दखनी असते. त्यांना पुस्तकी सभ्यता लादली की ती लिहायचीच बंद होतात, आणि गप्प बसणारं पोरगं आपल्याला सभ्य वाटायला लागतं.

मेसेजमध्ये काय असावं याचा माझा साचा चार गोष्टींचा आहे: मी कोण, कुठल्या वर्गाचा, काय हवं, कधीपर्यंत. ‘सर, मी अमुक, नववी ब. भूगोलाची वही घरी राहिली, उद्या पहिल्या तासाला दाखवली तर चालेल का?’ यात ‘मी कोण’ हे आपल्याकडं सगळ्यात महत्त्वाचं. तुम्हालाही अनुभव असेल, नंबर बापाचा, नाव ‘पप्पा जिओ’ म्हणून सेव्ह आणि लिहितंय धाकटं भावंड. आमच्याकडं दसरा-दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातं. घरातला एकुलता मोबाईल टोळीबरोबर जातो आणि लेकरू आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतं. मग ते शेजाऱ्याच्या नाहीतर चुलत्याच्या फोनवरून लिहितं. अशा वेळी खालचं नाव हीच हजेरी. मोबाईल कुणाचा आहे, तो किती वाजता परत द्यायचा आहे, हे माहीत नसताना ‘रात्री दहाला कशाला मेसेज केला’ म्हणून लेकराला बोलू नये. कदाचित त्याच्या हातात फोन तेवढ्याच वेळेला येत असेल. वेळेचा नियम करा, पण तो उत्तर देण्याच्या वेळेचा करा: सर रात्री आठनंतर उत्तर देत नाहीत, सकाळी देतात. मेसेज कधीही आला तरी चालेल.

आता सूर. यासाठी मोबाईल लागत नाही, चिठ्ठ्या पुरतात. मी परिपाठानंतरच्या तासाला तीन पोरांना एकच वाक्य देतो, ‘आज पण आली नाहीस.’ पहिल्याला कानात सांगतो, तू चिडलेला आहेस. दुसऱ्याला, तुला काळजी वाटतेय, तिची आई दवाखान्यात आहे. तिसऱ्याला, तू चेष्टा करतोयस. तिघं मोठ्यानं वाचतात आणि वर्ग ओळखतो. मग तेच वाक्य मी फळ्यावर लिहितो आणि एका मुलीला विचारतो, हे तुझ्या मोबाईलवर आलं तर तू कसं वाचशील? बहुतेक जणी म्हणतात, चिडून. लिहिणाऱ्याच्या डोक्यात चेष्टा असते आणि वाचणारी रात्रभर रडते, याचं मूळ इथं आहे. जॉन सुलर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं २००४ मध्ये यावर लेख लिहिला होता. त्याचं म्हणणं असं, की समोरचा दिसत नाही, उत्तर लगेच येत नाही, आणि त्याचा आवाज आपण आपल्याच मनात ऐकतो. त्यामुळं माणूस एरवी बोलणार नाही ते पडद्यावर बोलून जातो. नववीच्या पोरांना लेख सांगायची गरज नाही, तीन चिठ्ठ्यांत तो कळतो.

इंटरनेटवरच्या वागणुकीचं एक जुनं टिपण आहे, ऑक्टोबर १९९५ चं, आरएफसी १८५५ नावाचं. व्हॉट्सअॅप तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्यात म्हटलंय की सगळी मोठी अक्षरं वापरली की ओरडल्यासारखं वाटतं. इंग्रजीच्या पुस्तकातून आपल्या शाळांत हाच नियम येतो आणि पोरं उतरवून घेतात. देवनागरीत मोठी अक्षरं असतात कुठं? आपल्याकडचं ओरडणं ओळखायचं तर सहा प्रश्नचिन्हं बघा, ‘सांगाााा’ मधले काने बघा, आणि उत्तर आलं नाही म्हणून पाठोपाठ केलेले तीन मिस कॉल बघा. पोरांना त्यांच्या स्वतःच्या मोबाईलमधलं ओरडणं शोधायला लावा. पण त्याच टिपणात दुसरी एक गोष्ट आहे ती मात्र जशीच्या तशी घ्यावी: डोकं तापलेलं असताना उत्तर लिहायचं असेल तर रात्र जाऊ द्या. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो आणि दोन-अडीच दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. पोरांना हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं आणि त्या भरवशावरच ती लिहितात. स्क्रीनशॉट घ्यायला दोन सेकंद लागतात, हे तेवढं त्यांच्या लक्षात नसतं.

रात्रीच्या टरीवर वेळ द्या, खरं काम तिथं आहे. टोपणनाव, रंग, जाडी, तोतरं बोलणं, बापाचा धंदा, आणि हल्ली स्टिकर. स्नेहसंमेलनाच्या फोटोतून एखाद्याचा चेहरा कापतात, खाली काहीतरी लिहितात आणि महिनाभर प्रत्येक मेसेजला तेच चिकटवतात. विचारलं तर म्हणतात, “सर, कामून टेन्शन घ्यायलेत, गंमत हाय.” मी एकच विचारतो, ज्याचं स्टिकर आहे तो हसला का? तो हसत असेल, त्यानं स्वतःही ते वापरलं असेल, तर मी मध्ये पडत नाही. दोस्तांची चेष्टा ही चेष्टाच असते, तिच्यात शाळेनं नाक खुपसू नये. पण तो गप्प झाला असेल, ग्रुप सोडून गेला असेल, दुसऱ्या दिवशी गैरहजर असेल, तर ती गंमत तिथंच संपली. ग्रुपवर कोण काय लिहितंय यापेक्षा कोण लिहायचं थांबलंय याच्याकडं मी जास्त बघतो. आणखी एक तपासा: अख्खा वर्ग असलेला पण एकच पोरगं वगळलेला दुसरा ग्रुप आहे का. बहुतेक ठिकाणी असतो.

टर उडवणाऱ्याला मास्तरनं दटावलं तर तो चार दिवस थांबतो. वर्गातल्याच कुणी ‘भाऊ, बास झालं आता’ असं त्याला वैयक्तिक मेसेजवर लिहिलं तर जास्त टिकतं. ग्रुपवर जाहीर नव्हे, तिथं लिहिलं की त्याला इरेला पेटावं लागतं. बघ्यांना हे शिकवता येतं. त्यांना अंगठा न दाखवणं शिकवा, हसरं तोंड न पाठवणं शिकवा, आणि ज्याची टर झाली त्याला रात्रीच दोन ओळी लिहायला शिकवा. ‘मला ते आवडलं नाही, उद्या माझ्यासोबत बस.’ माझ्या मते ऑनलाइन सभ्यतेचा एवढा एक धडा वर्षभरात झाला तरी पुरे.

मुलींचं वेगळं सांगायला हवं. साध्या ग्रुपात प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. म्हणजे शाळेच्या नावानं आपण सगळ्या मुलींचे, खरंतर त्यांच्या आईबापांचे, नंबर सगळ्या पोरांच्या हाती देतो आणि मग ‘हाय’ चे मेसेज सुरू झाले की मुलीलाच फोन काढून ठेवायला सांगतो. त्यापेक्षा सूचनांसाठी व्हॉट्सअॅप कम्युनिटीचा घोषणा-ग्रुप किंवा चॅनल वापरा, त्यात सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. तक्रार आली तर मुला-मुलींच्या सुरक्षिततेसाठी असलेली शाळेची सखी सावित्री समिती कागदावर असेल ती जागी करा. आणि एखाद्या मुलीचा किंवा मुलाचा अश्लील फोटो फिरतोय असं कळलं, खरा असो की जोडलेला, तर तो स्वतःच्या मोबाईलवर मागवू नका, पुरावा म्हणूनही नाही, मुख्याध्यापकांनाही पुढं पाठवू नका. अठरा वर्षांखालच्या लेकराचं तसलं चित्र जवळ ठेवणं आणि पाठवणं हाच गुन्हा ठरू शकतो. कळल्यावर पोलिसांना कळवणं लेकरांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या पॉक्सो कायद्यानं आपल्यावर बंधनकारक आहे. चाइल्डलाइनचा १०९८ आहे. सायबर गुन्ह्यांच्या केंद्र सरकारच्या पोर्टलवर अशी तक्रार नाव न देताही करता येते. इथं ‘आपसात मिटवू’ म्हणणाऱ्या कुणाचंही ऐकू नका, तो गावचा कितीही मोठा माणूस असला तरी.

जातीच्या भांडणाबद्दल. सप्टेंबर २०२३ मध्ये जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला त्यानंतर आपल्या जिल्ह्यांत काय झालं ते तुम्ही-मी बघितलंय. मध्ये मध्ये इंटरनेट बंद पडलं, चालू झालं की स्टेटसची लढाई पुन्हा सुरू. डबा एकत्र खाणारी पोरं एकमेकांचे स्टेटस म्यूट करून बसली. ही भाषा पोरांची नसते. कुणीतरी तयार केलेली पंधरा सेकंदांची क्लिप असते, वर गाणं असतं आणि पोरगं फक्त चिकटवतं. म्हणून मी ‘तू असं का लिहिलंस’ असं विचारत नाही. ‘हे तुला कुठून आलं’ हे विचारतो. बऱ्याचदा उत्तर काकाच्या, नाहीतर बापाच्या ग्रुपपाशी येऊन थांबतं, आणि मग पालक सभेत कुणाशी बोलायचं ते आपल्याला कळतं.

अशा वेळी ग्रुपवर भाषण देऊ नका. ‘फक्त अॅडमिन मेसेज पाठवू शकतात’ हे चालू करा, तो मजकूर ग्रुपवरून काढून टाका आणि दोघांना दुसऱ्या दिवशी वेगवेगळं बोलवा, एकत्र नाही. एकत्र बोलावलं की दोघंही आपापल्या समाजाचे पुढारी होऊन बसतात. जो बोलला त्याला, ज्याला लागलं त्याच्या तोंडून ऐकू द्या, पण ते त्या लेकराची तयारी असेल तरच. माफी जिथं बोलला तिथंच, एका ओळीत, कारणं न देता. परिपाठात सगळ्या शाळेपुढं वाचायला लावू नका. त्यानं राग मुरतो. जयंत्यांच्या पोस्टचं मी सोपं केलंय. शासन दरवर्षी कार्यालयांत साजऱ्या करायच्या जयंत्यांची यादी काढतं, त्या यादीप्रमाणे शाळेच्या नावानं एक पोस्ट पडते. त्यापलीकडं कुणी काही टाकायचं नाही, शिक्षकांनीही. २०२५ मध्ये बीडच्या पोलिसांनी आपल्या नावाच्या पट्ट्यांवरून आडनावं काढली. ती बातमी मी वर्गात वाचून दाखवली आणि आमच्या ग्रुपवर मेसेजखाली फक्त पहिलं नाव आणि वर्ग लिहायचं ठरलं. त्यानं जात जात नाही, हे पोरांनाही माहीत आहे. पण ‘अमुक आडनावाच्यानं लिहिलं’ म्हणून वाचायची सवय जरा ढिली पडते.

कायद्याचा धाक कितपत दाखवावा? कमी. पुष्कळ शाळांत अजून माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ‘६६ अ लागेल’ म्हणून दरडावतात. पालघरच्या दोन तरुणींना २०१२ मध्ये फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली, ते प्रकरण गाजलं, आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं ते कलमच रद्द केलं. पोरं गूगल करतात. खोटा धाक एकदा उघडा पडला की खऱ्यावरही विश्वास बसत नाही. खरं आहे ते सांगा: दुसऱ्याच्या नावानं खातं उघडणं आणि जातीवरून चारचौघांत अपमान करणं यांना कायदे आहेत, आणि ‘चारचौघांत’ म्हटल्यावर ग्रुप वगळला जाईलच असं नाही. तुमच्या मुख्याध्यापकांना मात्र दुसरी भीती असेल, अॅडमिन म्हणून आपण अडकू का ही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलंय, की संगनमत नसेल तर सदस्यानं टाकलेल्या मजकुरासाठी केवळ अॅडमिन म्हणून कुणाला दोषी धरता येत नाही. तरी कळूनही तसंच पडू देणं हे शिक्षकाला शोभत नाही, तो भाग वेगळा.

फॉरवर्डचं शिकवताना राईनपाड्याचं नाव घ्या. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या त्या गावात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावानं भिक्षेकरी भटक्या समाजातल्या पाच जणांना ठेचून मारलं. असल्या अफवा व्हॉट्सअॅपवरून गावोगाव फिरत होत्या. त्याच महिन्यात कंपनीनं भारतात एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. दोन बाणांची खूण म्हणजे हा मेसेज कितीतरी हातांतून फिरून आलाय, एवढं आठवीच्या पोराला कळलं पाहिजे. आपल्या स्टाफच्या ग्रुपवरचे दोन बाण मोजायला मी सांगत नाही, शाळेत राहायचंय तुम्हाला.

पण मोठ्यांचं काहीच न बोलता पुढं जाता येत नाही. घटक चाचणीचे गुण नावांसकट ग्रुपवर टाकणं, ‘यांची फी बाकी’ म्हणून यादी चिकटवणं, पोराच्या लांबलचक निरोपाला नुसता अंगठा दाखवणं, हे आपणच करतो. मी गुण ज्याचे त्याला पाठवतो. वेळ लागतो, लागू द्या.

आणि आदर म्हणजे गप्प बसणं असं लेकरांना वाटू देऊ नका. एका मुलीनं ग्रुपवर लिहिलं, ‘सर, प्रश्न ४ मध्ये समास द्वंद्व नाही, तत्पुरुष यायला पाहिजे ना? एकदा बघता का.’ स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाले, पोरं शेफारली. मला ते वर्षातलं सगळ्यात सभ्य वाक्य वाटलं. तिनं प्रश्नाचा क्रमांक दिला, आपलं म्हणणं मांडलं आणि मला उत्तराला जागा ठेवली. मी तिथंच ‘बरोबर, दुरुस्त करतो’ लिहिलं आणि परवानगी घेऊन ते वाक्य फळ्यावर उतरवलं. मोठ्या माणसाला चूक कशी दाखवावी याचा नमुना पोरांना कुठंच मिळत नाही, म्हणून ती एकतर तोंड मिटतात नाहीतर मागून शिव्या देतात.

ग्रुप बंद करायचा का? नको. तुम्ही बंद केला तर दुसऱ्या दिवशी पोरांचा स्वतःचा निघेल आणि त्यात तुम्ही नसाल. सूचनांचा वेगळा करा, बोलायचा वेगळा ठेवा आणि बोलायच्या ग्रुपचे नियम पोरांकडून त्यांच्याच बोलीत लिहून घ्या, पाचाच्या वर नकोत. आमच्या नववीचा एक नियम आहे, ‘लई झालं म्हणलं की थांबायचं.’ असला नियम मला सुचला नसता. पाचवी ते सातवीचा ग्रुप मात्र पालकांचाच असू द्या, व्हॉट्सअॅपची स्वतःची अटच तेरा वर्षं पूर्ण ही आहे. हे सगळं दिवाळीच्या सुट्टीआधी उरका. नंतर टोळ्या निघतात, आणि वर्गातली निम्मी लेकरं कुठल्या कारखान्यावर कुणाच्या मोबाईलवरून बोलतील याचा नेम नसतो. जाणाऱ्या प्रत्येकाकडून एक नंबर वहीत लिहून घ्या, आणि तो कुणाचा आहे हेही.